उघड्या मानेच्या कोंबड्या

कोंबडीला घाम येत नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, पुस्तकं माझ्या वाट्याला फार उशिरा आली. हे मी कोंबडी काखेत धरून शिकले. माणूस घामाने निथळतो, म्हैस चिखल शोधते, कुत्रं ओल्या मोरीत जाऊन पडतं. कोंबडीकडे काय आहे? चोच उघडायची, पंख अंगापासून सुटे धरायचे आणि गळा थरथरवत धापा टाकायच्या. तेवढ्यावर भागलं तर भागलं. नाही भागलं तर ती आरडाओरडा करत नाही. एका बाजूला कलंडते, तुरा जांभळा पडतो, झालं.

आमच्या कोंबड्यांना यातून थोडी सूट होती. त्यांच्या मानेवर पीस नव्हतं. चोचीच्या खालपासून पार छातीपर्यंत उघडी लाल मान, आणि वर डोक्यावर पिसांची एवढीशी टोपी. पाहणाऱ्याला आधी वाटायचं रोग झालाय. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा म्हणाल्या, "ही काय अर्धी सोलून पाठवली का विहीणबाईंनी?" या कोंबड्या माझ्या लग्नात आंदणाबरोबर आल्या होत्या. पाच भांडी, एक गादी आणि डालग्याखाली एक कोंबडा, दोन कोंबड्या. त्यांच्याही आधी आईकडे, आणि आईच्या आईकडे तीच जात होती. उन्हाळा त्या मानेतून निघून जायचा. गावात बाकीच्यांच्या कोंबड्या चैत्रात मान टाकायच्या, तेव्हा आमच्या उकिरड्यावर पाय मारत असायच्या.

आमच्या घरी आईच्या लहानपणीच धम्म आला. देव्हारा गेला, अंगारे गेले, नवस गेले. पण कोंबडी बसवताना आई अंडी मोजून विषमच ठेवायची. मी चिडवायचे, "सगळं टाकलंस, मग हे कशाला?"

"मधी एक असलं की बाकीची त्याच्याभवती नीट बसत्यात," आई म्हणायची. "त्यात द्येवाचा काय संबंध? तू ठेव आठ आनि बघ, एक सारकं भाईर येतंय का न्हाय."

मी ठेवून पाहिली होती. एक सारखं बाहेर येत होतं.

विश्रांतवाडीला आम्ही दीड गुंठा घेतला तेव्हा आजूबाजूला आमच्याच माणसांची घरं होती. तीन-चार घरी याच उघड्या मानेच्या कोंबड्या मी दिलेल्या, आणि दर दोन-तीन वर्षांनी आम्ही बायका कोंबडे बदलायचो. तुझा मला, माझा तुला. कारण बहीण-भाऊच एकमेकांना लागत राहिले की अंडी वाया जातात, पिल्लं कवचातच मरतात. कोंबडा द्यायला गेलं की चहा व्हायचा, कोंबड्याच्या तुऱ्यापासून जावयाच्या नोकरीपर्यंत सगळं बोलून व्हायचं. मग एकेका जागेवर इमारत आली. माणसांना फ्लॅट मिळाले, चांगलंच झालं, बायकांच्या डोक्यावरचं पाणी गेलं. पण चौथ्या मजल्यावर खुराडं कुठे ठेवणार? बदलायला कोंबडा राहिला नाही. शेवटी शेवटी आमचा कोंबडा आमच्याच घरातला, कोंबड्याही त्याच घरातल्या. दहातली चार फुटायची. मला कळत होतं. पण कळून आणणार कुठून?

आमच्या पश्चिमेची जागा बरीच वर्षं मोकळी होती. बाभळी, कचरा, कुणाची तरी मोडकी रिक्षा. पाच वर्षांपूर्वी तिथेही इमारत उभी राहिली, सात मजली. आमच्या परसाकडे तिची पाठ, आणि त्या पाठीवर एसीची डबडी ओळीने लावलेली, दर उन्हाळ्याला आणखी चार, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. दुपारी ती चालू झाली की आमच्या शेवग्याची पानं हलायची. आधी मला वाटलं वारा आला. हात वर केला तर चुलीपुढे धरावा तशी धग लागली.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. केस माझ्याहून पांढरे, पण मला आजी म्हणतात. एकदा गॅलरीतून म्हणाले, "आजी, तुमचा कोंबडा पहाटे फार लवकर उठतो हो."

म्हटलं, "त्याला पेन्शन नाही ना."

सुनेला हसू आवरेना. ती घरूनच काम करते, आतल्या खोलीत लॅपटॉप, कानाला हेडफोन. कोंबडा आरवला की तिच्या मीटिंगमध्ये ऐकू जायचं. "आई, याला म्यूटवर टाका ना," म्हणायची. पण कोंबड्याला दाणे टाकताना मी तिला चोरून पाहिलंय. सगळ्यात जाड दाणे त्याच्या बाजूला. मुलगा सकाळी हिंजवडीच्या कंपनीच्या बसने जातो तो अंधार पडल्यावर येतो, त्यामुळे कोंबड्यांचा संसार म्हणजे मी आणि ती.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात मानमोडी आली. या रोगात कोंबडीची मान पिळल्यासारखी वळते, ती गोल गोल फिरते आणि पडते. आठवड्यात खुराडं रिकामं झालं. वाचला तो म्हातारा कोंबडा, एक म्हातारी कोंबडी जी अंडी द्यायची जवळजवळ थांबली होती, आणि एक तिसऱ्या वर्षातली, काळी, पंखावर सोनेरी कड असलेली. एवढीच. आईपासून चालत आलेलं सगळं आता या तीन उघड्या मानांवर होतं.

मुलगा म्हणाला, "आई, फार्मची पिल्लं आणू, एका दिवसात पन्नास येतील."

मी म्हटलं, "आण की. मग माझ्या जागी पण दुसरी आई आण, ती पण येईल एका दिवसात."



आईचा एक नियम होता. शिमगा झाला की कोंबडी अंड्यावर बसवायची नाही. उन्हाळ्यात अंडं ठेवल्या जागी आतून शिजायला लागतं, आणि बसलेली कोंबडी स्वतःच्या अंगाची ऊब, खालच्या अंड्यांची ऊब आणि वरचं ऊन अशा तिन्हींत सापडते. आणि नेमकी शिमग्यानंतर ती काळी खुडूक झाली. म्हणजे अंडी घालायची थांबली, पिसं फुगवून कोपऱ्यात बसली, जवळ गेलं की कुरकुर करत चोच मारायला लागली. बसायचं तिचं तिने ठरवलं होतं, माझ्या हातात फक्त खाली अंडी ठेवायची का नाही एवढंच. कोंबडा म्हातारा. पावसाळ्यापर्यंत तो राहील का, राहिला तरी त्याची अंडी फळतील का, कोण सांगणार? जपून ठेवलेली अंडी माझ्याकडे होती, ज्वारीच्या डब्यात, टोक खाली करून, माठाच्या मागे. मी नऊ निवडली आणि तिच्याखाली सारली. तिने एकेक चोचीने आत ओढून घेतलं.

उन्हाची सोय मला ठाऊक होती. आई करायची तशीच. खुराड्याच्या चारी बाजूंनी गोणपाट लावायचं, वर पत्र्यावरही टाकायचं, आणि दुपारभर ते ओलं ठेवायचं. प्यायला मातीच्या परळात पाणी, त्यात गुळाचा खडा. दाणे सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर, भर दुपारी पोट भरलं तर अंग आणखी तापतं. खायला कांदा बारीक चिरून. हे सगळं मी केलं. एक दिवस चुकवलं नाही.

एका दुपारी सून जेवणाच्या सुटीत परसात आली. खुराड्याच्या गोणपाटात हात घालून म्हणाली, "आई, आत कसंतरीच दमट लागतंय. बाथरूममध्ये गरम पाण्याने अंघोळ केल्यावर होतं ना, तसं."

"ओलं केलंय तर दमट लागणारच."

"नाही, पण कोंडल्यासारखं आहे. एक बाजू उघडू का?"

"उघड, म्हणजे ती डबडी थेट आत फुंकतील. तू तुझा लॅपटॉप सांभाळ बाई, कोंबड्या मी पन्नास वर्षं सांभाळल्यात."

ती आत गेली. तिने पंखा लावून देऊ का असंही विचारलं होतं, मी त्यालाही नको म्हटलं. कोंबडीला कधी पंखा लागतो का?

चैत्र लागताच म्हातारी कोंबडी गेली. सकाळी बरी होती, दुपारी आडवी. म्हातारी होती, म्हटलं जायचीच होती. त्या दिवसापासून मी गोणपाट दुहेरी केलं. आधी दुपारी दोनदा पाणी मारायचे, आता दर थोड्या वेळाने. हातात तांब्या घेऊन मी परसातच खुर्ची टाकून बसायला लागले. पाणी मारलं की गोणपाटातून वाफ निघायची आणि मला बरं वाटायचं. म्हटलं, निघतेय उष्णता.

कोंबडा गेला तो दिवस म्हणजे इमारतीतली सगळी डबडी एकदम चालू होती. रविवार असावा, कारण मुलगा घरी झोपला होता. दुपारी खुराड्यातून आवाजच येईना. एरवी काही ना काही खुडबुड असते. मी गोणपाट बाजूला केलं आणि वाकून डोकं आत घातलं. क्षणात मला काही दिसेना. वाटलं चक्कर आली. मग चष्मा काढला तर काचांवर वाफ. काचा वाफेने पार पांढऱ्या झाल्या होत्या.

मी तशीच वाकलेली राहिले. त्या एका गोष्टीने मला सगळं कळलं, आणि ते कळून उपयोग नव्हता. आईचं खुराडं माळाच्या कडेला होतं. तिथे दुपारभर पश्चिमेचं वारं यायचं, ओल्या गोणपाटातून आरपार जायचं आणि आत गार व्हायचं. गार करायचं ते वारं. गोणपाट नुसतं त्याच्या वाटेत होतं. आईने मला गोणपाट शिकवलं, पाणी शिकवलं, गूळ शिकवला. वाऱ्याचं कधी सांगितलं नाही. सांगायचं काय? वारं होतंच. माझ्या परसात पाच वर्षांपासून वारं नव्हतं आणि मी चारी बाजूंनी ओलं गोणपाट गुंडाळून जिवांना भांड्यात घालून झाकण लावावं तसं वाफवत होते.

चष्मा पुसून पाहिलं. कोंबडा दाराजवळच पडला होता, मान पुढे केलेली. ती उघडी मान जांभळी झाली होती. पंख दोन्ही बाजूंना पसरलेले, जमेल तेवढं अंग सुटं करून पाहिलं होतं त्याने.

काळी मात्र जिवंत होती. कोपऱ्यात, अंड्यांवर. चोच उघडी, गळा एवढा जोरात चाललेला की डोळ्यांनी मोजता येऊ नये. तिच्यापुढे आता दार उघडं होतं, पाणी तिच्यापासून हातभर होतं, आणि ती उठत नव्हती. सुटी कोंबडी निदान ओल्या जागी तरी जाऊन पडते. अंड्यावरची कुठे जात नाही.

मी हाक मारली. सून धावत आली, मुलगा तिच्या मागे. मी ओरडत होते, गोणपाट काढा, सगळं काढा. दोघांनी ओरबाडून काढलं. पण ते निघालं तशी एसीची झळ सरळ आत शिरली.

"आत घ्या तिला," सून म्हणाली. "माझ्या खोलीत. एसी आहे."

"बसलेली कोंबडी दिवसा हलवत नाहीत. अंधारात हलवतात. दिवसा हलवली तर अंडी सोडते."

"आई, ती मरतेय!"

मग मी तिला खालून हात घालून उचललं. अंगात आग होती. अंडी सुनेने ओढणीत घेतली. खोलीत नेऊन फरशीवर पोतं टाकलं, तिचे पाय माठाच्या पाण्यात बुडवले, चोचीला थेंब थेंब गुळाचं पाणी लावलं. मुलगा तिच्यावर डालगं धरून बसला. एसी आमच्याही घरात होता, बरं का. त्याचंही डबडं कुणाच्या तरी दिशेने फुंकत असणारच. ते मला त्या वेळी सुचलं नाही, नंतर सुचलं.

अंडी पुढे ठेवली तर तिने मान लांब करून एक आत ओढलं. मला वाटलं, सुटलो. मग तिने ते तिथेच अर्ध्यावर सोडलं. संध्याकाळी सुनेच्या मांडीवरच तिने जीव सोडला.

सून कोंबडीला कधी हात लावत नव्हती. ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग तिने मोबाइलचा दिवा लावला, एक अंडं मुठीत घेऊन दिव्यापुढे धरलं. मी तिला कधी शिकवलं नव्हतं, मी करताना पाहिलं असणार. नऊतली सहा गढूळ, हलवली तर आत पाण्यासारखी. तिन्हींत काहीतरी सावलीसारखं हललं.

"आई, ही जिवंत आहेत."

ती उबवायला तेलाचा रिकामा खोका, त्यात कापूस, वर पिवळा दिवा, बाजूला वाटीत पाणी. दिवा किती वर धरायचा ते ती फोनवर बघून सांगायची, मी अंडं पापणीला लावून सांगायचे. तिचं आणि माझं बहुतेक वेळा जुळायचं. अंडी उलटायचं काम मी कुणाला दिलं नाही.

कोंबड्याला आणि काळीला आम्ही शेवग्याखाली पुरलं. म्हातारीच्या शेजारी. परसाला फरशी घातल्यापासून तेवढीच माती उरली आहे. दुसऱ्या दिवशी गॅलरीतून हाक आली, "आजी, आज कोंबडा आरवला नाही? बरा आहे ना?"

"मिटली तुमची तक्रार," मी म्हटलं.

त्यांनी कठडा धरला. "तसं नव्हतं हो म्हणायचं," म्हणाले आणि आत गेले. मला ते बोलणं तोडायचं नव्हतं. पण दुसरं काही तोंडातून निघालंच नाही.

तिघांपैकी एकाने कवचाला भोक पाडलं आणि तिथेच थांबलं. दुसरं निघालं, ओलं, एका दिवसात गेलं. तिसरं राहिलं. वाळल्यावर पाहिलं तर मान उघडी. आम्ही दोघी नुसत्या त्या एवढ्याशा लाल मानेकडे पाहत होतो.

आईशिवाय वाढलेलं पिल्लू विचित्र असतं. त्याला उकरायला कुणी शिकवत नाही. मी बोटांनी माती उकरून दाखवायचे. ते सुनेच्या चपलेमागे घरभर फिरायचं, चप्पल थांबली की तिच्याखाली शिरायचं. पावसाळा गेला तोवर कळलं की तलंग आहे. म्हणजे मादी, अजून अंडं न दिलेली. मला कोंबडा हवा होता असं नाही, आणि मादी हवी होती असंही नाही. दोन्ही हवे होते. एकाने काही होत नाही.

मग कोंबड्याचा शोध. जुन्या घरांतल्या बायकांना फोन केले. "अगं, आमच्याकडे कधीच संपल्या," प्रत्येकीने सांगितलं, आणि मग गुडघ्यांचं विचारलं. गावी विचारलं, तिथेही आता फार्मची. सुनेने फोनवर कुठल्या कुठल्या गटांत टाकलं. एकाने फोटो पाठवला, उघड्या मानेचा तगडा कोंबडा, लगेच देतो म्हणाला. सून नाचत आली. मी चष्मा लावून पाहिलं आणि फोटो मोठा करायला सांगितला. मानेवर पिसांची मुळं ठिपक्यांसारखी दिसत होती. मान उघडी नव्हती, उपटलेली होती.

"माणसं असं करतात?" सून म्हणाली.

"करतात. त्या कोंबड्याचं काय झालं असेल ते बघ."

साधा गावरान कोंबडा आणावा असं मुलगा म्हणतो. त्याची निम्मी पिल्लं उघड्या मानेची निघतील, असं सुनेने वाचलं आहे. निघतीलही. आईसुद्धा बाहेरचा कोंबडा घ्यायचीच, पण त्याच जातीतला. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. खुराडं मात्र आम्ही पूर्वेच्या भिंतीला हलवलं, जाळीचं केलं, आणि टेबलफॅन आहे. गोणपाट घडी करून माळ्यावर टाकलंय.

यंदा शिमगा झाला आणि आमची ही एकुलती कोंबडी खुडूक झाली. तिच्या अंड्यांत काही नाही, कोंबडाच नाही तर असणार काय. सून तरी सवयीने एकेक अंडं दिव्यापुढे धरते. आत सगळं स्वच्छ, पिवळा उजेड आरपार. आम्ही अंडी काढून घेतो. ती रिकाम्या फरशीवर बसते, पिसं फुगवून, चोच उघडी ठेवून, आणि जवळ गेलं की मला चोच मारते.

खुडूक मोडायचा उपाय आहे. कोंबडीला उचलून तिचं पोट गार पाण्यात बुडवायचं, अंगातली ऊब उतरली की बसायचं विसरते. रोज दुपारी, डबडी चालू झाली की, मी बादली घेऊन जाते. ती पाण्यात शांत राहते, डोळे अर्धे मिटते. तिचं काळीज माझ्या तळहातावर उडत असतं. मग मी तिला पंख्यापुढे सोडते. ती पंख झटकते, इकडेतिकडे पाहते, आणि चालत चालत परत त्याच कोपऱ्यात जाऊन बसते.

"आई, राहू द्या ना आता," काल सून म्हणाली.

मी म्हटलं, "मी राहू दिलं असतं गं. तीच राहू देत नाही."

आणि बादली पुन्हा भरायला गेले.